चष्म्याआधी टेबल तपासा : गोव्यातील कार्यालयप्रमुखांस खुले पत्र

प्रति,
सरकारी खाती, पालिका, पंचायती, बँका, पतसंस्था आणि खासगी आस्थापने यांचे कार्यालयप्रमुख,
गोवा राज्य.

विषय : संगणकावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांवरील ताण आणि त्याबाबत कार्यालयाची जबाबदारी.

महोदय / महोदया,

दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या कर्मचाऱ्याचे डोळे संध्याकाळी चुरचुरू लागले, कपाळ ठणकू लागले किंवा घरी परतताना समोरून येणाऱ्या बसची पाटी काही क्षण धूसर दिसली, की तो चष्म्याच्या दुकानात येतो आणि नंबर वाढला असावा असे गृहीत धरून तपासणी मागतो. व्यवसायाने ऑप्टोमेट्रिस्ट असल्यामुळे अशी माणसे मला नेहमी भेटतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचा नंबर जिथल्या तिथे असतो. बदलायला हवी असते ती त्यांच्या पडद्याची उंची, खिडकीची बाजू, एसीच्या झोताची दिशा आणि कामाची लय. आणि या चारही गोष्टी त्यांच्या हातात नसून आपल्या हातात असतात. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

आधी एक भीती दूर करते. संगणकाच्या पडद्याकडे पाहिल्याने प्रौढ माणसाची दृष्टी जाते किंवा डोळ्यांना कायमची इजा होते, असे मानण्यास आधार नाही. त्रास मात्र खरा असतो आणि त्याची कारणे अगदी साधी आहेत. गप्पा मारताना किंवा रस्त्याने चालताना माणसाच्या पापण्या मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा लवतात. पडद्यावर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, शिवाय लवणाऱ्या पापण्यांपैकी अनेक पूर्ण मिटतच नाहीत. बुबुळावर अश्रूंचा जो पातळ थर असतो, त्यात आत चिकट द्रव, मध्ये पाणी आणि वर पापण्यांच्या ग्रंथींतून येणारे तेल असते. पापणी पूर्ण मिटली तरच हे तेल सारखे पसरते आणि खालचे पाणी उडून जात नाही. ती मिटली नाही की थर जागोजागी तुटतो, बुबुळाचा पृष्ठभाग उघडा पडतो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते. त्यावर उपाय म्हणून डोळाच एकदम पाणी सोडतो. ‘माझ्या डोळ्यांतून तर पाणी येते, मग ते कोरडे कसे?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. त्याचे उत्तर हे आहे.

दुसरे कारण स्नायूंचे. जवळचे पाहताना डोळ्यातले भिंग फुगीर करणारा स्नायू आकुंचन पावतो आणि दोन्ही डोळे किंचित आत वळतात. एखादी चिठ्ठी वाचण्यापुरते हे काम काहीच नाही, पण एकाच अंतरावर तासन्‌तास तीच पकड धरून ठेवावी लागली तर स्नायू सैल व्हायला वेळ घेतो, आणि कार्यालयातून बाहेर पडल्यावर दूरचे काही काळ पुसट दिसते. पूर्वी कारकुनाला दप्तर शोधायला कपाटापर्यंत जावे लागे, फाइल साहेबांच्या टेबलावर न्यावी लागे, शिक्का मारायला उठावे लागे. आता या साऱ्या गोष्टी त्याच पडद्यावर, त्याच अंतरावर होतात. कामाचा वेग वाढला हे चांगलेच झाले. डोळ्यांना आपोआप मिळणारी सुटी मात्र त्यात गेली, आणि ती परत देण्याची तरतूद कोणी केली नाही.

गोव्याची हवा इतकी दमट, की जून ते सप्टेंबर वाळत घातलेले कपडे दोन दिवस ओलसर राहतात. अशा प्रदेशात डोळे कोरडे पडण्याची तक्रार कमी असायला हवी होती. पण आपली कार्यालये बाहेरच्या हवेत चालत नाहीत. एसी खोलीतली आर्द्रता काढून घेतो, आणि त्याचा झोत कुणाच्या तरी तोंडावर येत असतोच. नवीन यंत्र बसवताना ते भिंतीवर कुठे शोभेल आणि त्याची नळी कुठून जाईल याचा विचार होतो. खाली कोण बसणार आहे, याचा होत नाही. कागदाची एक लांब पट्टी घ्या आणि प्रत्येक खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून पाहा. पट्टी हलत असेल तर त्या जागी दिवसभर बसणाऱ्याच्या डोळ्यांवर वारा येतो. यंत्राची झडप वर करणे किंवा टेबल हातभर सरकवणे एवढ्याने हे थांबते. पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रिया, कॉन्टॅक्ट लेन्स लावणारे आणि सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या घेणारे यांना या कोरडेपणाचा जास्त त्रास होतो. त्यांची टेबले आधी पाहावीत.

आता पडद्याच्या उंचीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण सर्वाधिक त्रास इथूनच सुरू होतो आणि सर्वात कमी लक्ष इथेच दिले जाते. बऱ्याच कार्यालयांत टेबलावर जागा नसल्याने सीपीयूची पेटी आडवी टाकून तिच्यावर मॉनिटर ठेवलेला असतो. त्यामुळे पडद्याची वरची कड बसलेल्या माणसाच्या कपाळाच्याही वर जाते. वर पाहताना पापण्या जास्त उघडतात, डोळ्याचा अधिक भाग हवेला उघडा पडतो आणि अश्रू लवकर उडून जातात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली आणि त्याचा मध्य त्या रेषेपासून पंधरा-वीस अंश खाली असावा, म्हणजे नजर सहज उतरती राहते. अंतर साधारण ५० ते ७० सेंमी, म्हणजे खुर्चीला पाठ टेकून हात सरळ केला की बोटे जेमतेम पडद्याला लागतील इतके.

चाळिशी ओलांडलेल्यांच्या बाबतीत यात आणखी एक अडचण मिसळते, आणि आपल्या कार्यालयांतील अनुभवी कर्मचारी बहुतेक याच वयाचे आहेत. या वयापासून डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि वाचायला वेगळा नंबर लागतो. बायफोकल चष्म्याचा खालचा भाग हातातला कागद सुमारे ४० सेंमीवर धरून वाचता यावा या हिशेबाने केलेला असतो. त्या अंतरासाठी २.५ डायॉप्टरची ताकद लागते. ६५ सेंमीवरच्या पडद्याला जेमतेम १.५ पुरते. निवृत्तीच्या जवळ आलेल्या माणसाच्या भिंगाची स्वतःची लवचीकता जवळजवळ संपलेली असते, म्हणून त्याला चष्म्याच्या वरच्या भागातून पडदा धूसर दिसतो आणि खालच्या भागातूनही धूसरच दिसतो. मग तो हनुवटी वर करून, मान मागे टाकून, छाती टेबलाला टेकवून खालच्या काचेतून पडद्याच्या जवळ जातो. पडदा सीपीयूवर चढवलेला असला तर मान आणखी मागे जाते. संध्याकाळी मानेला तेल चोळणारा हा माणूस आपल्याला स्पाँडिलायटिस झाला आहे असे समजतो. प्रत्यक्षात त्याला फक्त पडद्याच्या अंतराचा एक वेगळा चष्मा हवा असतो, आणि तो करायचा तर तपासणीच्या वेळी कार्यालयातले अंतर टेपने मोजून आणलेले असावे लागते. ते अंतर कर्मचाऱ्याकडे विचारले, की तो दोन्ही हात पसरून ‘इतके’ असे दाखवतो. आपल्या कार्यालयाने प्रत्येक टेबलाचे हे माप एका कागदावर लिहून दिले तर चष्मे करणाऱ्यांचे अर्धे काम होईल.

लॅपटॉपचीही हीच गत, उलट्या बाजूने. त्यात कळफलक पडद्याला जोडलेला असतो. हात बरोबर ठेवले तर पडदा फार खाली जातो आणि पडदा बरोबर ठेवला तर हात अधांतरी राहतात. रोज काही तास लॅपटॉपवर काम असणाऱ्यांना वेगळा कळफलक, माउस आणि स्टँड देणे भाग आहे. स्टँडची खरेदी मंजूर होईपर्यंत जुन्या राजपत्रांचे बांधीव खंड कामाला यावेत, अर्थात दप्तर सांभाळणाऱ्यांची हरकत नसेल तर.

खिडकी पडद्याच्या मागे असली तर डोळ्यांना एकाच वेळी उजेड आणि मजकूर दोन्ही सांभाळावे लागतात, आणि बसणाऱ्याच्या पाठीमागे असली तर पडद्यावर तिचे प्रतिबिंब पडते. ती बाजूला हवी, पडद्याशी काटकोनात. आपल्याकडच्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असत. त्यांतून ऊन गाळून येई आणि खोलीत सगळीकडे मंद, सारखा उजेड पसरे. अशा काही वास्तूंत आज कार्यालये आहेत आणि दुरुस्तीच्या वेळी तिथे शिंपल्यांच्या जागी स्वच्छ काच बसवली जाते. वास्तूच्या सौंदर्याबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाही, डोळ्यांच्या दृष्टीने मात्र ती पिछेहाट आहे. जिथे शिंपले उरलेले नाहीत तिथे आडव्या पट्ट्यांचे पडदे लावावेत. पावसाळ्यात याच्या उलट होते. बाहेर अंधारून येते, सगळे दिवे दिवसभर पेटलेले असतात, आणि कागदासाठी ठेवलेला लख्ख उजेड पडद्यावर चमकतो. कार्यालयीन कामासाठी भारतीय मानक आयएस ३६४६ मध्ये ३०० ते ७५० लक्स ही उजेडाची श्रेणी दिली आहे. ज्यांचे काम मुख्यत्वे पडद्यावरच आहे त्यांना तिची खालची बाजू पुरते, आणि ज्यांना कागद वाचावा लागतो त्यांना टेबलावर स्वतंत्र दिवा द्यावा. पडद्यावरचे कोरे पान दिव्यासारखे झगमगू नये आणि मळकेही दिसू नये, इतकाच त्याचा उजेड ठेवावा. हे बटण दाबून होणारे काम आहे, तरी ते कोणी कोणाला दाखवत नाही.

गोव्यातल्या कामाचे एक वैशिष्ट्य इथे नमूद करायला हवे. मामलेदार कार्यालयात, निबंधकाकडे, नागरी नोंदणीत, नोटरीच्या टेबलावर एकाच वेळी फॉर्म १ व १४ चा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, पोर्तुगीज काळातला हस्तलिखित दस्तऐवज आणि संगणकातला तक्ता अशी तीन अंतरे सांभाळली जातात. कागद टेबलावर सपाट पडलेला असतो, मॉनिटर समोर उभा असतो, आणि माणूस ओळीगणिक मान खाली-वर करत, डोळ्यांची जुळवणूक बदलत, फिकट शाईतले वळणदार अक्षर लावत नोंदी भरतो. यासाठी कागद धरण्याची तिरपी पट्टी मिळते, जी पडद्याच्या शेजारी, त्याच अंतरावर आणि त्याच उंचीवर उभी करता येते. ही काही शेकड्यांत मिळणारी वस्तू कुठल्याही मोठ्या यंत्रापेक्षा अधिक उपयोगी आहे, आणि तरीही जमिनीच्या कागदांचे काम करणाऱ्या कार्यालयांत ती मला क्वचितच दिसली. जुना दस्तऐवज वारंवार वाचायचा असेल तर त्याची स्कॅन केलेली प्रत पडद्यावरच मोठी करून शेजारी ठेवावी.

अक्षराच्या आकाराबद्दलही असेच. कोकणी आणि मराठी मजकूर देवनागरीत येतो, इंग्रजी रोमनमध्ये, आणि दोन्ही एकाच मापात छापून किंवा टंकून ठेवण्याची प्रथा पडली आहे. देवनागरीत ओळीच्या उंचीत वेलांट्या, मात्रा, रफार आणि खालचे उकार यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे त्याच मापात मूळ अक्षर लहान पडते; ‘ष्ट्य’, ‘द्ध’, ‘क्ष्म’ अशी जोडाक्षरे तर पडद्यावर एका काळ्या ठिपक्यात मिसळतात. इंग्रजीला १२ पॉइंट पुरत असेल तर मराठी-कोकणीला १४ ते १६ ठेवावे. ढोबळ कसोटी अशी, की मजकूर जितक्या लांबून कसाबसा वाचता येतो त्याच्या एक तृतीयांश अंतरावर माणूस बसलेला असावा. अर्जांचे आणि परिपत्रकांचे नमुने आपल्याच खात्यात तयार होतात. तिथे एकदा माप बदलले की हजारो वाचनांचा ताण कमी होतो.

विश्रांतीच्या बाबतीत अमेरिकी ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अँशेल यांनी रूढ केलेला नियम आता सर्वांना तोंडपाठ आहे : दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे. तो लक्षात राहायला सोपा आहे आणि चांगला आहे. जपानच्या आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक सूचना अधिक स्पष्ट आहे : पडद्यासमोरचे सलग काम एका तासापेक्षा जास्त नसावे, पुढचा तास सुरू होण्याआधी १० ते १५ मिनिटे पडद्यावेगळे काम किंवा विश्रांती असावी, आणि त्या तासातही एकदोनदा क्षणभर थांबावे. आता आपल्या बिलवसुलीच्या किंवा दाखल्यांच्या खिडकीवरच्या मुलीचा विचार करावा. तिच्यासमोर रांग आहे, रांगेत एखादे आजोबा पेडण्याहून सकाळची पहिली बस पकडून आले आहेत, आणि तिने २० सेकंद खिडकीबाहेर पाहिले तर रांगेतून आवाज उठणार आणि मागून वरिष्ठांचाही. तिला नियम ठाऊक असून उपयोग नाही. तिच्यासाठी आपल्या सहीचे परिपत्रक हवे : तासाने खिडकीवरची व्यक्ती बदलेल, मधल्या वेळेत तिला फायली लावणे, टपाल नोंदवणे, दूरध्वनी घेणे असे पडद्याबाहेरचे काम दिले जाईल. दुपारच्या विसाव्याची किंमत गोवेकराला शिकवावी लागत नाही. पण जेवणाच्या सुटीत डोळे पडद्यावरून उठून मोबाइलवर जात असतील तर तो विसावा डोळ्यांच्या वाट्याला येत नाही. बहुतेक कार्यालयांच्या बाहेर अजून माड, आंबा किंवा निदान डोंगराचा उतार दिसतो. खुर्च्यांची तोंडे त्या बाजूला सहज वळतील अशी मांडणी करता आली तर करावी.

कशावर पैसे खर्च करू नयेत, हेही सांगणे माझ्या व्यवसायाचे कर्तव्य आहे, मग ते माझ्या गल्ल्याच्या विरोधात का जाईना. निळा प्रकाश अडवणारे चष्मे कर्मचाऱ्यांना सरसकट वाटण्याचे प्रस्ताव काही ठिकाणी येतात. २०२३ मध्ये कॉक्रेन संस्थेने १७ चाचण्यांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात अशा काचांमुळे संगणकावरच्या कामातला ताण साध्या काचांच्या तुलनेत निदान अल्पकाळात तरी कमी होत नसल्याचे दिसले. त्या रकमेत कागद धरण्याच्या पट्ट्या आणि मॉनिटरचे स्टँड येतील. त्याचप्रमाणे कार्यालयाच्या प्रथमोपचार पेटीत डोळ्यांचे औषध ठेवताना काळजी घ्यावी. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसून डोळे पांढरे दाखवतात, आणि सवय लागली की लाली पूर्वीपेक्षा जास्त येते. स्टेरॉइड असलेले थेंब औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घातल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो कळेपर्यंत दृष्टी गेलेली असते. कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरतात. दिवसातून चार वेळांपेक्षा जास्त लागत असतील तर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले घ्यावेत. पापण्यांवर कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके पाचेक मिनिटे ठेवले तर ग्रंथींतले घट्ट झालेले तेल मोकळे होते, आणि याला काही खर्च नाही.

नेत्रतपासणीचा मुद्दा मी मुद्दाम नंतर घेतला, कारण गोव्यात त्याला वेगळे वजन आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के आढळले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते आणि गोवा सर्व राज्यांत वर होता. रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्यातले भिंग फुगते, नंबर तात्पुरता बदलतो आणि दिसणे आज बरे, उद्या पुसट असे होते. हे सारे संगणकाच्या माथी मारले गेले तर दृष्टिपटलावर चाललेली हानी कोणी पाहतच नाही, कारण ती सुरुवातीला दुखत नाही. म्हणून चाळिशीपुढच्या प्रत्येक कर्मचाऱ्याची वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी व्हावी. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) आणि म्हापसा व मडगाव येथील जिल्हा इस्पितळांत नेत्रविभाग आहेत, पण त्या तपासणीनंतर काही तास जवळचे नीट दिसत नाही, त्यामुळे त्या दिवसाची रजा कर्मचाऱ्याच्या खात्यातून कापली जाऊ नये. डोळ्यांपुढे अचानक विजा चमकणे, पडदा उतरल्यासारखे वाटणे, एकाची दोन चित्रे दिसणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसून डोळा तीव्र दुखणे ही ताणाची लक्षणे नाहीत. अशा वेळी कर्मचाऱ्याला संध्याकाळपर्यंत थांबवू नये.

यातले काही नवीन किंवा अवास्तव मागणे नाही. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये पडद्यावरच्या कामासाठी निर्देश काढला. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार कर्मचाऱ्याने मागितल्यास डोळ्यांची तपासणी मालकाच्या खर्चाने होते, आणि पडद्याच्या अंतराचा खास चष्मा लागला तर त्याचाही किमान खर्च मालक देतो. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने कामाच्या जागी पुरेशा उजेडाची तरतूद केली, ती यंत्रावर काम करणाऱ्या कामगारासाठी होती. तेव्हा कारकून यंत्रासमोर बसत नव्हता. आता बसतो, आणि त्याची दखल घ्यायला आपल्याला विधानसभेच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. यातल्या बहुतेक गोष्टी कार्यालयप्रमुखाच्या अधिकारात बसतात. पुढच्या मॉनिटर-खरेदीच्या निविदेत ‘उंची कमीजास्त करता येणारा स्टँड आणि न चमकणारा पृष्ठभाग’ एवढे शब्द घातले तरी निम्मे काम होईल.

उत्तर गोव्यातील कोणत्याही कार्यालयाने बोलावल्यास टेबलांची पाहणी करून मापे लिहून देण्यास मी विनामूल्य येईन. एवढीच विनंती, की बोलावणे दुपारी तीननंतरचे असावे, पश्चिमेचे ऊन खिडकीतून आत येऊ लागते तेव्हाचे. आणि त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून पडदे ओढून, टेबले आवरून ठेवू नयेत. सीपीयूवरचा मॉनिटरही जिथे आहे तिथेच असू द्यावा.

आपली विश्वासू,
एक ऑप्टोमेट्रिस्ट,
डिचोली, गोवा.